एक वाटी मसूर म्हणजे किती ग्रॅम

३ तारीख, सोमवार
आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. हॉस्पिटलातून येऊन हिला आठ दिवस झाले, जेवण मात्र दोन घास. कारण उघड आहे. लेक अंदाजाने रांधते. वजनमापं खात्यात चौतीस वर्षं मी दुकानदारांचे तराजू तपासले, माझ्या घरात अंदाज चालणार नाही. संकल्प : हिच्या वहीतलं मसुराचं सूप, ग्रॅममध्ये. महिनाअखेर हिचं वजन ३८ वरून ४५.

४, सकाळी ७
वहीत : 'मसूर एक वाटी, तांदूळ एक मूठ, पाणी चार पेले.' वाटी कोणती, पत्ता नाही. घरात वाट्या अकरा, आकार चार. सगळ्या भरून तोलल्या. लहान वाटीत मसूर १०५ ग्रॅम, मोठीत १९०. मूठ माझीच धरली, ४६.

५
१०५ ने केलं. तीन चमचे घेऊन हिने वाटी सरकवली. पातळच होतं.

७
१९० ने. चमचा उभा राहील इतकं दाट. दोन चमचे. लेक म्हणाली, बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवा. डॉक्टरला शिगेची वाटी आणि सपाट वाटी यांतला फरक तरी कळतो का?

९
सरासरी काढली, १४७.५. शेजारीणबाईंनी दोन वाट्या संपवल्या, म्हणजे प्रमाण अचूक. हिने एक चमचा. चमचा मोठा असावा. उद्या लहान.

१२
हिचं वजन ३६.४. काटा बिघडलाय. खात्यातलं पाच किलोचं वजन ठेवून पाहिलं. पाच. पुन्हा ठेवलं. पाच. दुकानदार काट्याला दोष द्यायचे तेव्हा मी म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं. इथे मात्र अंगण खरंच वाकडं आहे. नवा काटा आणणार.

१४
शेवटी हिलाच विचारलं, वाटी कोणती. ही हसली, किती दिवसांनी. म्हणाली, वाटीबिटी काही नव्हती. लग्न झाल्यावर तुम्ही हात धुऊन मागे लागलात, मापं लिही, मापं लिही. मग तुमच्या समाधानासाठी लिहिलं काहीतरी. खरं म्हणजे मसूर दोन मुठी, तांदूळ एक मूठ, पाणी डोळ्यांनी.
चाळीस वर्षं खोटी मापं, तीही माझ्या घरात! दुकानदार असती तर दंड केला असता. पण आता कोडं सुटलं. मूठ हिची, हात इथेच आहे. उद्या तोलतो.

१५, सकाळी १०
नवा काटा आणायला वेळ झाला नाही. स्वयंपाकाचा छोटा काटा स्टुलावर, तांदळाचा डबा पलंगावर. हिने मूठ भरली. बोटांच्या फटींतून दाणे चादरीवर सांडले. उरले ते तोलले. ११ ग्रॅम. पुन्हा घे म्हटलं. ९. तिसऱ्यांदा म्हणवलं नाही.
लेकीची मूठ ३४. ती म्हणाली, आईची माझ्याहून मोठी होती.
मला भीती वाटते आहे.
चादरीवरचे दाणे वेचले. ही म्हणाली, राहू द्या, बसा जरा. बसलो.

१५, दुपारी
काटा बरोबर आहे. दोन्ही काटे बरोबर आहेत.
सूप लेकीने केलं, अंदाजाने. अगदी हिच्या हातचं वाटलं. मी दोन वाट्या खाल्ल्या.
हिने एक चमचा घेतला.