भाऊजींचे स्पीकर

हुडकेश्वर, नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. कुसुमताईस,
अश्विनचा सविनय जयभीम. वि. वि.

भाऊजींचे दोन्ही स्पीकर नीट पोचले. जीपवाल्यानं गोधड्यांत गुंडाळून आणले, एक कोपरा फुटला नाही. गोधड्या धुऊन पाठवते असं तुह्या भावजयीनं, जयानं सांगतलं आहे.

फोन न करता पत्र काहून लिहून राहिलो, असं तुले वाटेल. इकडे नेटवर्क बहुत खराब झालं. तुह्या बोलण्यातले अर्धे शब्द मले पोचतच नाही. मागच्या वेळी तू तिखटाचं विचारलं अन् मी तिकिटाचं सांगत बसलो. पत्रात तशी भानगड होत नाही. आणि तू जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, तुले पत्र आवडतेच.

आता स्पीकरचं. खोकी सागवानी आहेत, त्यायले काहीच झालं नाही. वरती गोल डाग आहेत ते तुह्या पापडाच्या डब्यांचे, ते पॉलिशनं जातील. पुढचं कापड काढलं तं मोठ्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कडा बोट लावताच पिठासारखी झडली. कागदी कोन मात्र शाबूत आहे. चाळीस वर्षांच्या मालाचं एवढंच बिघडलं म्हणजे काहीच नाही. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मागच्या खोलीत माहा हाच उद्योग चालू आहे, तुले माहीत आहे. मित्रांचे जुने स्पीकर आणतो, दुरुस्त करतो, परत देतो. पण हे भाऊजींचे आहेत म्हणून पयले तुले विचारतो. जसे होते तसेच करू, की थोडी सुधारणा केली तं चालेल?

भाचेकंपनीले आठवण सांग. तब्येत सांभाळ आणि माह्यावर आहे तशीच माया राहू दे.

तुहा,
अश्विन

भिवापूर
२९ नोव्हेंबर २०२४

चि. अश्विन यास,
सप्रेम जयभीम व अनेक मंगल कामना.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. अक्षर अजून तसंच आहे, मांडीवर पाटी ठेवून काढल्यासारखं. पापडाच्या डब्यांबद्दल टोमणा मारलास, तो पोचला. हे गेल्यापासून दोन वर्षं स्पीकर लावलेच नव्हते. रिकामी जागा दिसली की बाई डबा ठेवणारच.

मला त्यातलं तांत्रिक काही कळत नाही. मला काय हवंय तेवढं सांगते. सोळा फेब्रुवारीला ह्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. आपल्या विहारात मी आणि ह्यांनी भीमगीतं म्हटली होती, त्याची एक कॅसेट आहे. मी गाते आहे आणि हे हार्मोनियमवर आहेत. पहिल्या गाण्याच्या आधी ते हळूच म्हणतात, "हं, कुसुम, घे." ह्यांचा बोलण्याचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे. बाकी फोटोच फोटो. मोबाइलमध्ये भरून घेऊ असं पोरं म्हणतात, पण मला तो ह्यांच्या स्पीकरवर, आपल्या खोलीत ऐकायचा आहे. मग सुधारणा कर की नको करू, ते तुझ्यावर सोपवते. फक्त जपून कर.

जयासाठी मिरची पाठवते आहे. या वर्षीची चांगली लाल आहे. तू तिकिटासारखी खिशात ठेवू नकोस. सगळ्यांना आशीर्वाद, आणि असंच लिहीत राहा.

तुझी,
कुसुमताई

हुडकेश्वर
१९ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

काम झालं. फोमच्या नव्या कडा बाहेरगावाहून मागवल्या. त्या चिकटवताना कोन बरोबर मधोमध बसला पाहिजे, नाही तं आतली तारेची गुंडाळी चुंबकाले घासते. म्हणून गुंडाळीभोवती जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या खोचल्या आणि गोंद वाळल्यावर काढल्या. दोन्ही अंगठ्यांनी कोन दाबून पाह्यला, कुठेच घासत नाही. फुगलेले कंडेन्सर बदलले. पुढचं कापड जयानं गांधीबागेतून आणलं, तपकिरी, तुह्या पडद्यांशी जुळेल असं.

एक मोठी सुधारणा केली, ती सांगतो. वरचा छोटा स्पीकर असते ना, ट्वीटर, जो बारीक आवाज काढते, तो दोन्ही खोक्यांत पार दबला होता. मीटरवर बरोबर दाखवते, पण मले आवाजच येईना. म्हातारा झाला असेल. म्हणून दोन्हीकडे नवीन, धातूच्या घुमटाचे ट्वीटर टाकले. त्याचा आवाज कमी करायले कंपनीनं वाटेत एक रेझिस्टर लावला होता, तोही काढून टाकला. आता झांज कशी टणटणीत वाजते ते तू पाहशीलच.

आणि माह्याकडच्या जुन्या कॅसेटा लावून पाह्यल्या, त्यातली ती सुं-सुं पूर्ण गेली. जया म्हणते, तिले ऐकू येऊन राहिली. तिले सवय नाही. मी कान लावून बसलो, एक टिपूस नाही.

पंधरा तारखेले येतो, स्पीकर मीच मांडतो. लोभ आहेच, तो घट्ट राहो.

तुहा,
अश्विन

भिवापूर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय जया हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने लिहिते आहे. नात पिंकीला ताप होता म्हणून तुला येता आलं नाही, तेव्हा इथे काय झालं ते तुला अश्विनकडूनच कळलं असेल, आणि त्याने सगळं छान झालं असंच सांगितलं असेल.

वंदना झाली, भन्तेजींचं भोजनदान झालं. मग कॅसेट लावली. थोड्याच वेळात पुढे बसलेली माणसं मागे सरकली, मग एकेक करून अंगणात गेली. अश्विनला वाटलं त्यांना उकडतंय, त्याने उठून पंखा लावला. जया, तो आवाज कानात खुपत होता. हार्मोनियम पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी आणि माझा प्रत्येक स म्हणजे शिट्टी. त्या सगळ्यावर कढईत तेल चरचरावं तशी चरचर. ह्यांचं ते बोलणं मी कान देऊन वाट पाहत असूनही मला सापडलं नाही.

अश्विन मात्र अगदी समोर बसून मान डोलवत होता. मध्येच त्याने डोळे पुसले. त्याच्या तोंडाकडे पाहून मी कॅसेट शेवटपर्यंत वाजू दिली. शेजारचे बाबाराव त्याला पाठीमागून दोनदा जेवायला बोलावून गेले, तो वळला नाही. समोर येऊन बोलले तेव्हा लगेच उठला. नेटवर्कचं जे तो सांगतो, ते मला आता खरं वाटत नाही. तुमच्या घरून तुझ्या मुलाचा, प्रशिकचा फोन येतो, तो स्वच्छ ऐकू येतो.

तुला काही जाणवलं आहे का? संकोच न करता लिही. माझं मन तुझ्याकडे लागलं आहे.

तुझी,
कुसुमताई

हुडकेश्वर
१ मार्च २०२५

ती. कुसुमताईंस,
जयाचा सविनय जयभीम.

मले पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तं समजून घ्या.

तुम्ही विचारलं ते बरं झालं. घरात सगळ्यायले माहीत आहे अन् कोणीच बोलत नाही. कारखान्यात होते तेव्हापासून यांचे कान कमी-कमी होत गेले. मोठं, जाड बोललेलं ऐकू येते, बारीक ऐकू येत नाही. मी एकदा कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं, तं मी आवाजाचं काम करतो अन् तू मले बहिरा म्हणून राहिली का, असं म्हणाले आणि जेवणावरून उठून गेले. मंग मी तो विषय सोडून दिला.

पण पिंकीचं मले पाहवत नाही. तुमची नात ती, तुम्हाले सांगायले पाहिजे. पाच वर्षांची पोर, चिमणीवाणी आवाज. वरच्या मजल्यावरून जिन्यात येऊन आबा, आबा करे. हे तारा जोडायले कथलाचा रांगा लावत बसले राहत, वळून पाहत नसत. आता तिनं हाक मारणंच बंद केलं. सरळ माह्याजवळ येते. हे मले विचारतात की पोरगी माह्यावर काहून रुसली. काय सांगू मी यायले?

तुम्ही मोठ्या आहा. तुमचं पत्र हे दोन-दोनदा वाचतात. तुम्हीच लिहा, पण हळू लिहा. तुमची छाया आमच्यावर राहो.

आपली,
जया

भिवापूर
८ मार्च २०२५

चि. अश्विन यास,
सप्रेम जयभीम.

आज इकडचं तिकडचं काही लिहीत नाही.

तू दुरुस्त केलेल्या स्पीकरचा आवाज फार तीक्ष्ण झाला आहे. कार्यक्रमाला माणसं उकाड्याने बाहेर गेली नव्हती, त्या आवाजाने गेली. कॅसेटची चरचर गेलेली नाही, उलट वाढली आहे. जयाला ती ऐकू येते, मला येते, बाबारावांना येते. ती फक्त तुला येत नाही. जुने ट्वीटर म्हातारे झाले असं तू लिहिलंस. ते ठीकच होते असं मला वाटतं.

कानांची तपासणी करून घे. यात लाजण्यासारखं काय आहे? मला चाळिशीत चष्मा लागला तेव्हा तूच माझ्याबरोबर दुकानात आला होतास आणि फ्रेम तू निवडली होतीस. पिंकी तुझ्यावर रुसलेली नाही. ती हाका मारून थकली आहे.

मला तुला दुखवायचं नव्हतं. पण ह्यांचा आवाज मला ऐकायचा आहे, आणि तो तूच काढून देऊ शकशील. स्पीकर आणि ती कॅसेट त्याच जीपने पाठवते आहे. राग आला तर येऊ दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
कुसुमताई

हुडकेश्वर
१५ मार्च २०२५

ती. कुसुमताईस,
जयभीम.

स्पीकर पोचले. माह्या कामाबद्दल आजवर कोणाची तक्रार आली नाही. ज्या-ज्या मित्रायले दुरुस्त करून दिले, सगळे छान आहे म्हणाले. तुमच्या खोलीत भिंती उघड्या आहेत, त्यानं आवाज फिरते. पाहतो.

अश्विन

हुडकेश्वर
२० एप्रिल २०२५

ती. कुसुमताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मागचं पत्र मी रागात टाकलं, तू ते मनावर घेतलं नसशील. त्यानंतर काय झालं ते सांगतो.

मले तुले खोटं पाडायचं होतं. माह्या मोबाइलमध्ये एक सोय आहे, त्यात एकच सूर खालून वर चढत जाते. ते स्पीकरले जोडलं, जयाले समोर खुर्चीवर बसवलं अन् म्हटलं, जोवर ऐकू येईल तोवर हात वर ठेव. मीही हात वर केला. सूर चढत गेला. मधातच आवाज थांबला म्हणून मी हात खाली केला. जयाचा हात वरच. मले वाटलं ती मस्करी करून राहिली. ट्वीटरच्या तारेवर मीटर लावला, तं काटा हलून राहिला होता. वीज जाऊन राहिली होती, म्हणजे सूर वाजून राहिला होता. माणूस माह्याशी खोटं बोलेल ताई, पण मीटर काहून बोलेल? तेवढ्यात वरच्या मजल्यावरून पिंकी कानांवर हात ठेवून धावत आली. मी तसाच खाली बसलो. जयानं उठून मोबाइल बंद केला. 

दुसऱ्या दिवशी मीच प्रशिकले म्हटलं की चल डॉक्टरकडे. डॉक्टरीणबाईनं कागदावर आलेख काढून दाखवला. खालचे सूर ठीक, वरती रेघ कडेलोट झाल्यावाणी खाली. कारखान्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचं असं होते म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. दोन्ही कानांत यंत्रं दिली. पयले चार दिवस नळाचं पाणी, कागद, चप्पल, सगळंच अंगावर येत होतं. पण पिंकीनं जिन्यातून हाक मारली आणि मी वळलो, तं ती तिथंच थांबली. मंग उगाच आणखी दोन-तीनदा मारून पाह्यली.

जुने ट्वीटर मी फेकले नव्हते. ते परत बसवले, रेझिस्टरही लावला. पण यंत्रातून येणारा आवाज खरा किती अन् यंत्राचा किती, हे मले अजून सांगता येत नाही. म्हणून कामाची वाटणी केली. हात माहे, कान जयाचे. इतक्या वर्षांत मी तिले गाण्यातलं काही विचारलं नव्हतं. बाई बहुत कडक निघाली. माह्याच्यानं तीनदा रेझिस्टर बदलवून घेतले अन् चौथ्यानं हो म्हणाली. तुही कॅसेट लावली. भाऊजी म्हणाले ते आम्हा दोघायले ऐकू आलं. मले सुद्धा. तिनं पदर डोळ्याले लावला. येत्या रविवारी स्पीकर घेऊन दोघंही येतो. मित्रायच्या घरीही एकेक करून जातो आहे, त्यांच्यात मी असेच टाकलेले नवे ट्वीटर उतरवायले. दोघांनी तं सांगतलं की त्यांनी स्पीकर केव्हाचेच बंद करून ठेवले होते, मले वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

एक गोष्ट उरली. परवा दुपारी मी मागच्या खोलीत रांगा लावत होतो. स्वयंपाकघरातून बारीक गुणगुण येऊन राहिली होती. मले वाटलं यंत्रच वाजून राहिलं, काढून पाह्यलं तं बंद झालं. परत घातलं, परत सुरू. दारापाशी गेलो तं जया भाजी निवडता-निवडता गुणगुणत होती. मी विचारलं की हे कधीपासून. ती म्हणाली, कधीपासून म्हणजे काय, लग्न होऊन आली तेव्हापासून. आणि ती लाजली अन् चूप बसली. आता मी दारात उभा राहिलो की ती थांबते. म्हणून मी जागेवरून उठत नाही. मान खाली घालून रांगा लावत राहतो, अन् ऐकतो.

रविवारी दुपारपर्यंत पोचू. माह्यावरची माया कमी करू नको.

तुहा भाऊ,
अश्विन