काळी खिडकी

सर, तुमाला जाऊन आता चार वर्षं झाले. दिवसभर शेळ्यायच्या मागं फिरून पाय गळून गेलेत, तरी लिहून राहिले. समोर असते तर माझ्या तोंडातून शब्द निघाला नसता, तुमाला माहीतच हाय.

आज काकूनं तुमच्या घरी बोलावलं. तुमचा कंप्युटर उद्या हिंगोलीला भंगारात जाणार. म्हणल्या, "जायच्या आधी ह्यांनी काय लिहून ठेवलं ते एक डाव दाखव गं बाई. आमच्या पोराला टाइम न्हाई. तूच बसायचीस त्यांच्यापाशी." मी आठवीतून शाळा सोडलेली. पण न्हाई म्हणायला बी बोलावं लागते, म्हणून बसले.

कंप्युटरवर तुमच्या पानाचं चित्र होतं, त्यावर टिचकी मारली. ब्राउझर उघडला, पान कोरं. पुन्हा मारली, कोरंच. काकू मागून म्हणल्या, "गेलं का गं सगळं?" मंग वर्गातला तो दिवस आठवला. भिंतीवर तुमचं पान, वर 'आपलं गाव', खाली हळद, विहिरी, शेळ्या. बाण दाबला की आतल्या ओळी उघडतात. आमी सांगतो, तुमी लिहिता. शेळ्यायच्या खाली दोन ओळी माझ्या हायत. मागं एक काळी खिडकी उघडी दिसते. मला वाटते चुकून राहिली असल, मी बंद करते. मंग बाण दाबला तर काहीच उघडंना. पोरं वरडली, "इझवली गं बया!" तुमी चिडले. "अगं, ती चूल हाय, पान तिच्यावरच उघडते! नेट नसलं तरी चालते, पण चूल इझवून भाकर कशी भाजशील? पहिले चूल, मंग तवा."

चूल पेटवायची ओळ तुमी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेली, ती टेबलाच्या खणात सापडली. काळी खिडकी उघडून तिच्यात एक एक अक्षर बघून टाइप केलं, मंग ब्राउझरमधी लोकलहोस्ट, म्हंजे ह्याच कंप्युटरचा पत्ता. पान आलं. काकू जवळ सरकल्या. "बोलायचे बी असेच, एकातून एक काढत."

त्या चहा टाकायला उठल्या तवा मला सगळ्यात खाली 'मुले' दिसलं. त्यात माझं नाव. बाण दाबला. 'शाळा सोडली. का ते घरी जाऊन विचारणे.' त्याच्या आत, 'दोनदा गेलो. घरी नव्हती. पुन्हा जाणे.' त्याच्या आत काहीच न्हाई.

"खाली काय हाय गं?" काकूनं चुलीपासून इचारलं.

"पोरायची नावं हायत, काकू." बाण मिटवला. सगळं पेनड्राइव्हवर घेऊन त्यायच्या हातात दिलं. काळी खिडकी बंद करायला हात उठंना. शेवटी काकूच म्हणल्या, "कर आता बंद, थकलीस."

हे पत्र कुठं धाडू, वहीतच ठेवते. पण सर, दोन्ही डाव मी घरीच होते. न्हाई म्हणून सांग, असं आईला मीच म्हणलं होतं. गोठ्यात शेळ्यायच्या मागं बसल्ते. दुसऱ्या खेपेला तुमी दारात लय वेळ उभे होते.