बाजरी कमरेएवढी झाली तेव्हा

बोंगो,
१४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आणि निळं कापड पोचलं. इथे बाजरी कमरेएवढी झालीय. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल.

गिनी कोंबड्यांचे अंडी घालायचे दिवस आहेत. चाळीस माद्या, पण खुराड्यात अंडं घालेल अशी एकही नाही. लामिसी रोज झुडपांत त्यांच्या मागे फिरते. लांब दांड्याच्या डावाने अंडी काढते, तीन-चार मागे ठेवते. घरटं रिकामं दिसलं की मादी जागा बदलते. तुझी भाची बारा वर्षांची झाली, माझ्याहून तिला जास्त घरटी सापडतात.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी तुझ्याकडे येणार होतो. पिल्लं आजारी आहेत असा निरोप मी धाडला. पिल्लं ठणठणीत होती. खरं काय झालं ते आता सांगते.

लामिसीचा बाप, अकोल्गो, जाऊन दोन वर्षं झाली. रीतीप्रमाणे मी धाकट्या दिराची, अतांगाची व्हावं असं घरच्यांचं म्हणणं. माणूस वाईट नाही गं. खुराड्यावर नवं गवत त्यानेच घातलं. मी आपली कापणी होऊ दे, अंडी संपू देत, करत राहिले. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला जायचं तर जा. पोरगी मात्र आमच्या घरची आहे."

म्हणून न सांगता निघायचं ठरवलं. उजाडताच दोघींनी बाजाराला निघाल्यासारख्या टोपल्या डोक्यावर घेतल्या. वर अंडी, खाली कपडे. घाईत कोंबड्यांना दाणे टाकायचे राहिले. सगळा थवा किंचाळत आमच्या मागे डांबरी रस्त्यापर्यंत आला. लामिसीने खडे मारले, तरी हटेनात. गाव दारात येऊन बघत होतं.

आम्ही बसमध्ये बसलो आणि अतांगा सायकलवरून आला. ओरडला नाही. खिडकीशी येऊन लामिसीला म्हणाला, "उतर बाळ."

तिने माझ्याकडे पाहिलं. बसून राहा, एवढंच म्हणायचं होतं मला. ते तोंडातून निघालं नाही. ती उतरली. बस सुटली, पुढच्या वळणावर मी थांबवली आणि चालत परत आले. तो आणि लामिसी कोंबड्या हाकत घरी चालले होते. मीही त्यांच्या मागून चालू लागले.

आठ दिवस गेले. मग मीच त्याच्याकडे गेले.

"मी तुमची होऊन राहते. लामिसीला ताईकडे शिकायला पाठवा."

तो कुदळीची माती खरवडत राहिला. मग कुदळ भिंतीला टेकवून म्हणाला, "सुट्टीत येईल ना?"

"येईल."

"मग जाऊ दे तिला, अयाम्पोका."

वहिनी म्हणाला नाही. माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तिथेच उभी राहिले. जायला दुसरीकडे कुठे होतं?

शनिवारच्या बसने लामिसी एकटी येतेय. तिला उतरवून घ्यायला तू स्वतः जा. रात्री ती पांघरूण लाथाडते. भेंडीचं कालवण तिला आवडतं, पण मागणार नाही.

कापणी झाली की मीही येते, असं मी तिला सांगितलंय. तू इतक्यात तिला खरं सांगू नकोस. ती विचारायची थांबली, की हे पत्र तिला वाचायला दे.

तुझी धाकटी बहीण,
अयाम्पोका,
अतांगाच्या घरची