लाल पायांच्या नराची शेवटची व्यवस्था

मी, पायस मार्टिन कोबेलो, वय एकाहत्तर, राहणार म्वेलेनी, उलुगुरू डोंगर, टांझानिया, लिहून ठेवतो की गुडघे वगळता माझे सर्व काही, अक्कल धरून, जागेवर आहे. हे मृत्युपत्र मजकडून कोणी धाकाने अगर दारू पाजून लिहून घेतलेले नाही. आमच्या घरात दारू पाजणारा कोणी नाही. पिणारा एक आहे, त्याचे नाव कलम तीनमध्ये येईल.

कलम १. घर व केळीची बाग माझी धाकटी बहीण लिओकाडिया हिची मुलगी युस्टिना हिला मिळावी. आमच्यात जमीन आईच्या कुळातून चालते व भाच्यांकडे जाते, त्यामुळे यात माझा मोठेपणा काडीचा नाही. माझा मुलगा गौडेन्स फोनवर म्हणाला, "मग मला काय, बाबा?" त्याला प्रोफेसरसाहेबांचे जुने बूट मिळावेत. डाव्याला भोक आहे.

कलम २. हे प्रोफेसरसाहेब म्हणजे व्हर्मान्डेल. दूरच्या एका संग्रहालयातून ते आमच्या जंगलात वाणी किडे शोधायला येत. मी नऊ वर्षे त्यांचा वाटाड्या होतो. त्यांच्या पुस्तकांचे ओझे मी वाहिले व जळवा त्यांनी मोजल्या. एके दिवशी मी त्यांच्यापुढे केळीच्या पानातून दोन वाणी किडे ठेवले, एक काळा नर आणि एक लाल पायांची मादी. दोन्ही एकाच सडक्या ओंडक्याखालचे. साहेबांनी लगेच त्यांना नवरा-बायको ठरवून नवी जात जाहीर केली. या हिशेबाने पाऊस आला की चर्चच्या पडवीत उभे राहणारे निम्मे गाव एकमेकांशी लग्न झालेले आहे.

जातीला नाव दिले ते आपल्या संग्रहालयाच्या प्रमुखाचे, ज्याला आमच्याकडचा डाससुद्धा कधी चावला नाही. छापील लेखाच्या शेवटी एक ओळ होती, "स्थानिक मजुरांचे आभार." तो स्थानिक मजूर मी. ती ओळ मी एकवीस वर्षे रोज जेवताना म्हणून दाखवली आहे. लिओकाडिया ऐकून घेई आणि एवढेच म्हणे, "दादा, उगाली वाढू आणखी?"

कलम ३. वाणी किड्याची जात नराच्या अंगावरील सातव्या कड्याच्या पायांवरून ठरते, हे साहेबांनीच मला शिकवले. लाल मादीचा खरा नर दोन वर्षांनी सापडला. तोही लाल पायांचा, आणि ते पाय पाहताच कळते की काळ्याशी त्याचे नाते नाही. म्हणजे साहेबांची मादी ही वेगळीच जात, अजून बिननावाची. असा नर दुसरा कोणापाशी नाही. तो माझ्या पलंगाखाली बाटलीत आहे. बाटलीतले स्पिरिट माझा मेव्हणा सेवेरीन, म्हणजे लिओकाडियाचा नवरा, दोनदा प्यायला. विचारले तर म्हणतो, "किड्याला कशाला हवे, तो तर मेलाय." या सेवेरीनला माझ्याकडून रिकामी बाटली मिळावी. भरलेली युस्टिनाची आहे. ती मोरोगोरोला प्राणिशास्त्र शिकते, आपल्या बापासारखी नाही. माझे दफन झाले की घरी चहा होण्याआधी तिने बाटली उचलावी, कारण चहानंतर सेवेरीनला तहान लागते. नर वाळला तर त्याचे ते बारीक पाय तुटतील आणि सगळे मातीत जाईल.

कलम ४. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले. बाटलीत आजवर माझ्या हातची पेन्सिलची चिठ्ठी होती: "अंजिराच्या सडक्या ओंडक्याखाली. शोधणारा पायस कोबेलो." ते खोटे आहे. नर मला सापडला नाही. केळीच्या पानातले पहिले दोघेही मला सापडले नव्हते. लिओकाडिया सरपणाला गेली होती, तिने आणून दिले, आणि पुढे हा नरही तिनेच. साहेबांनी विचारले, "कोणाला सापडले?" मी म्हणालो, "मला." ती दोन हात अंतरावर उभी होती, डोक्यावर मोळी. साहेबांनी माझे नाव खाल्ले म्हणून मी एकवीस वर्षे शिव्या दिल्या, आणि उगाली वाढणारीचे मी खाल्ले. मला त्याची लाज वाटते.

युस्टिनाने या नराचे वर्णन लिहून जाहीर करावे आणि जातीला आपल्या आईचे नाव द्यावे. माझे देऊ नये, मी स्वप्नात येऊन मागितले तरी. मी नवी चिठ्ठी बाटलीत टाकली आहे: "अंजिराच्या सडक्या ओंडक्याखाली. शोधणारी लिओकाडिया कोबेलो."

वरील मजकूर वाचून दाखवून, सर्वांदेखत सही केली.

पायस मार्टिन कोबेलो
म्वेलेनी, १४ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार १: देओग्रासियास मलेकेला, चर्चचे धर्मशिक्षक (सही)

साक्षीदार २: लिओकाडिया कोबेलो (सही). सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले: "ओंडका अंजिराचा नव्हता, कापराचा होता. चिठ्ठी परत लिही, दादा."