माणसासारखं दिसणारं मूळ

बाबा,

आईला जिल्हा रुग्णालयात नेते आहे. तिचे डोळे पिवळे झालेत; यकृताला सूज असावी. "केस काळे होताहेत बघ, तुझ्या विद्यापीठाला काय कळतंय?" असं म्हणालात ना? केस झाले काळे. आनंद माना.

केस काळे करणारं हे मूळ, हो-शौ-वू, काळ्या सोयाबीनच्या पाण्यात पुन्हापुन्हा वाफवून मगच वापरतात, आणि तरी काहींना बाधतंच. तुम्ही मात्र डोंगरातून उपटलेलं मूळ माणसासारखं दिसतं म्हणून कच्चंच उकळून आईला पाजलंत. अक्कल त्या मुळालाच जास्त असेल.

उरलेलं मूळ पिशवीतून आणा, डॉक्टरांना बघायचंय. निघण्याआधी खिडकीच्या उजेडात आरसा घेऊन स्वतःचे डोळे बघा. तोच काढा तुम्हीही पिताय. पिवळे दिसले तर मोटारसायकल काढू नका, चिन काकांना सोडायला सांगा.

श्वेयिंग