वाटीखालचा हात

जयगड,
८ मे १९८४

प्रिय राहीताई,

तुझं कार्ड पोचलं. पावसाआधी आप्पांना मालगुंडला तुमच्याकडे न्यायला भावोजी तयार आहेत, हे वाचून फार बरं वाटलं. आप्पांची सोलकढी कशी करतोस ते कळव म्हणतेस, म्हणून आधी तेच लिहितो. सकाळी सात आमसुलं वाटीभर गार पाण्यात भिजत घालायची. तासाभराने कुस्करून पाणी गाळायचं. अर्धा नारळ खवून, लसणीच्या दोन पाकळ्या घालून पाट्यावर वाटायचा आणि मलमलीतून पिळायचा. दोनदाच, तिसऱ्यांदा नुसतं पाणी येतं. मग दोन्ही एकत्र करून मीठ. मिरची नको, त्यांना ठसका लागतो. चुलीजवळ न्यायची नाही, फुटते. मडक्याला ओलं फडकं गुंडाळून खिडकीत ठेवली की बारापर्यंत गार होते.

या उन्हात दुसरं काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही. दिवाळीत उजवी बाजू गेली तेव्हापासून पेज पाहिली तरी तोंड फिरवतात. दिवसातून तीनदा कढी, दुपारी त्यात मऊ भात कुस्करलेला. मधल्या वेळात मी धक्क्याकडे जरी निघालो, तरी त्यांची डावी बोटं खाटेच्या पाटीवर वाजू लागतात. मचव्याचं सुकाणू धरलेली बोटं ती, चार घरं पलीकडे ऐकू जातात. मी अर्ध्या वाटेवरून परततो.

मार्चमध्ये माझ्या वर्गातल्या आत्मारामचं पत्र आलं होतं. तो गिरगावात ज्या छापखान्यात आहे, तिथे छपाईचे, अक्षरांचे खिळे जुळवायला माणूस हवा आहे. सातवी चालेल, पण अक्षर चुकवणारा नको. मालक एक जूनपर्यंत थांबतील. ते पत्र आता घडीवर फाटलं आहे.

म्हणून शेजारच्या सखूकाकूला मी कढी शिकवली. तिने माझ्याहून चांगली केली. ती वाटी घेऊन बसली, तर आप्पांनी ओठ मिटले. काकू म्हणाली, "मेल्या, बापसाला कसली चटक लावून ठेवलीस रे?" मला वाटलं, प्रमाण चुकलं. दुसऱ्या दिवशी आमसुलं मी मोजून दिली. तरी नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळून तिचीच वाटी मी उचलली, डावा हात त्यांच्या मानेखाली घातला, आणि ते घटाघटा सगळी प्याले. रिकामी वाटी धरून मी तसाच बसून राहिलो.

तेव्हा ताई, वर लिहिलेलं प्रमाण एकटं पुरणार नाही. त्यांना न्यायच्या आधी तू ये, आठ दिवस माझ्याजवळ बस. पहिल्या दिवशी वाटी मीच धरीन, तू नुसता माझ्या हाताखाली हात ठेव. मग रोज थोडा थोडा मी माझा काढून घेईन. एकतीस मेच्या मुंबईच्या एस.टी.चं माझं तिकीट आमसुलांच्या बरणीमागे ठेवलं आहे. तुझ्या हातून आप्पा प्याले नाहीत, तर मी तिकीट परत करीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. आणि प्याले, तर थोडा वेळ माझ्याकडे बघू नकोस.

वाट पाहणारा, तुझाच
रघू