बोंबलांचे पाच तारे

कामोठे, शुक्रवार

तीर्थस्वरूप जमुना आत्येच्या पायाशी हिरामणचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे ठीक, मी सोडून. (फोन केला तर तू "गिराईक हाय, नंतर बोल" म्हणतेस आणि ते नंतर कधी येत नाही, म्हणून हे पत्र.)

शेजारच्या सोसायटीच्या गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग मला हवं होतं, हे तुला माहीतच आहे. ते गेलं असतं तर यंदा माझी माणसं दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे गेली असती आणि त्यांच्या मागून मीही. रुतिका (तुझी नात, कॉलेजात गेल्यापासून माझी मालकीण) म्हणाली, पप्पा, सेक्रेटरी आधी मोबाइलवर शोधतात, त्यात तुम्ही दिसतच नाही, गिऱ्हाइकांकडून पाच-पाच तारे आणि दोन ओळी लिहून घ्या. आता माझी गिऱ्हाइकं गच्ची गळायची थांबली की मला ओळखत नाहीत. म्हणून मी तुझ्याकडे रडलो. चुकलं ते तिथेच.

तू दिवाळे गावच्या बाजारात तुझ्याकडे मासळी घ्यायला येईल त्याला मोबाइलवर माझ्या धंद्याचं पान उघडायला लावलंस आणि "माज्या भाच्याला तारे दे, मंगच कोलंबी सोलून देन" असा नियम काढलास. लोकांनी तारे दिले. पण बिचारी खरं बोलणारी माणसं, माझं काम त्यांनी कुठे पाहिलंय? त्यांनी तुझं लिहिलं. बोंबील एकदम ताजे. वाटा भरपूर. दिवाळ्याच्या जमुना मावशी ओरडतात, पण माल चोख, म्हणून भाच्याला तारे. झालं, आता बेलापूरपासून पनवेलपर्यंत कुणीही ताजी मासळी शोधली की पहिलं नाव 'हिरामण वॉटरप्रूफिंग'. गळती शोधली तर अजूनही पत्ता नाही. उजाडलं की फोन, हलवा आहे का. मी प्रत्येकाच्या खाली उत्तर लिहिलं की आम्ही फक्त गच्चीचं काम करतो. त्यावर वाशीच्या एका बाईंनी लिहिलं, गच्चीवर सुकवलेले बोंबील असतील तरी चालतील.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी सुभाषरावांनी (पक्के शाकाहारी) माझं पान भिंतीवर मोठं करून दाखवलं आणि एकेक ओळ सावकाश वाचली. सगळे हसत होते. काम गेलं म्हणून मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात खजिनदार अरुणाबाई उठल्या. म्हणाल्या, ही दिवाळ्याची जमुना ना? माल शिळा असला तर ती स्वतःच सांगते, आज नको नेऊ. हा तिचा भाचा असेल तर गळकी गच्ची सोडून पळेल कुठे, मी तिच्याकडेच तक्रार करीन. सुभाषराव सोडून सगळ्यांचे हात वर. आत्या, काम मिळालं. एवढी वर्षं गच्च्यांवर उन्हात राबलो मी, आणि पत निघाली तुझी.

तब्येतीला जप. आतोबांना नमस्कार.

तुझा,
हिरामण

ता. क. हात वर झाले ते एका अटीवर. दर बुधवारी तू टोपली घेऊन त्यांच्या गेटवर बसायचं. बिल्डिंगवाल्यांच्या दारात तू जात नाहीस, गिऱ्हाइकाने आपल्याकडे यावं म्हणतेस, हे मला माहीत आहे. तरी मी तुला न विचारता हो म्हणून आलो. पहिल्या बुधवारी सुरमई आण, अरुणाबाईंनी मोठी सांगितली आहे.

ता. क. दुसरा. यायचं नसेल तर अरुणाबाईंना तूच कळव, माझी हिंमत नाही. आणि रुतिकाने पानावरचं नावही बदललंय: 'जमुना आत्या ताजी मासळी व वॉटरप्रूफिंग'. आता तू आली नाहीस तर गच्ची कितीही कोरडी राहिली तरी मला तारा एकच पडणार.